लाल तार

भिंतीला भोक पाडायच्या आधी चाचा तिला कान लावत. ड्रिल मशीन खाली ठेवून, डोळे मिटून, दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून ते मिनिटभर तसेच उभे राहत, आणि मग वळून विचारत, "इथं पहिले कोण राहत होतं?"

दुकान प्रशांतभाऊंच्या वडिलांनी घेतलेलं. त्याआधी तिथं कोण होतं, हे भाऊंनाही धड ठाऊक नव्हतं. ते वैतागायचे. "चाचा, आतमध्ये लाईटची वायर आहे का तेवढं पाहा न. लोकांची चौकशी कायले करता?"

"वायर तं आयकूच येते भाऊ. पण विचारलेलं बरं राह्यते," असं म्हणून चाचा ड्रिल उचलत. कधी मात्र उचलत नसत. "इथं नाही," एवढंच म्हणत आणि सरळ चार फुटांत जाणारी तार अख्ख्या खोलीला वळसा घालून नेत. का, ते विचारलं तर ऐकूच आलं नाही असं करायचे. आणि त्यांच्याइतकं तिखट कानाचं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि यवतमाळात त्या फोटोच्या दुकानात कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं काम करत होते. प्रशांतभाऊंनी वडिलांचा जुना स्टुडिओ मोडून तिथं डिजिटल लॅब उभी केली होती. खाली काउंटर आणि स्कॅनर, मागच्या एसीच्या खोलीत छपाईचं मोठं मशीन, आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की माडीवर आम्हा तीन मुलींचे तीन कॉम्प्युटर. दारव्ह्यालाही एक काउंटर सुरू झालं होतं. तिथली पाकिटं रोज सकाळच्या जीपनं येत. धंदा वाढत होता. कशानं वाढत होता, हे मात्र दुकानात कोणी मोठ्यानं बोलत नसे. लग्नसराई काय, दरवर्षीचीच. वाढले होते ते हाराचे फोटो.

गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायचा, बारा बाय अठरा. गळ्यात चंदनाचा हार, खाली समई, नाव आणि दोन तारखा. कापसाची ती वाईट वर्षं होती. खेड्यापाड्यांतून लोक येत, फॉर्म भरून बाकावर गप्प बसून राहत. हातात फोटो म्हणजे काय, तर मतदार ओळखपत्र, एसटीचा पास, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कात्रीनं कापलेला चेहरा. हे सगळं काम माझ्याकडं येई, कारण माझा हात हलका आहे असं भाऊंचं म्हणणं. दिवसाला दोन, कधी चार. संध्याकाळी घरी गेले की आई ताट वाढता वाढता विचारायची, "आज किती व?" मी सांगत नसे.

नेटवर्क बसवायचं ठरलं ते एका नवरदेवामुळे. तोवर आम्ही फोटो सीडीत भरून जिन्यानं खालीवर नेत असू. एका मंगळवारी दोन सीड्यांतल्या दोन फोटोंना एकच नंबर पडला, चौदा. फॉर्मवर चौदा नंबरला हार लिहिला होता, म्हणून मी हातात आलेल्या सीडीतल्या चौदा नंबरच्या माणसाला हार घातला. कोटातला, तरणाबांड माणूस. असे तरणेबांडही पुष्कळ येत, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई लग्नाचे फोटो घ्यायला आली. तिनं काउंटरवरच पाकीट उघडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं फोटो पालथा घातला आणि दोन्ही हातांनी काउंटरवर दाबून धरला, जणू सोडला तर खालून कोणी उठून बसेल. प्रशांतभाऊ हात जोडून उभे होते आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाहत होते.

नवरदेवाला पुढं काही झालं नाही. पण भाऊंनी त्याच आठवड्यात चाचांना बोलावलं.

चाचा टेलिफोन खात्यातले लाईनमन, मुदतीआधीच निवृत्त झालेले. साठीचे, काटकुळे. डावा कान उजव्यापेक्षा रुंद दिसायचा. सारखा रिसीव्हर दाबून तसा झाला, असं ते सांगत. कॉम्प्युटरच्या तारांचं काम ते भाच्याच्या पुस्तकावरून शिकले होते आणि लोहाऱ्याच्या एका कारखान्यात आणि दोन शाळांत त्यांनी तारा ओढल्या होत्या. तरी खांबावर चढून लाईन तपासायचा जुना काळा टेस्ट फोन त्यांच्या पट्ट्याला लटकलेलाच असे. कॉम्प्युटरच्या तारेत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चाचा तो अधूनमधून कानाला लावून ऐकत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांची नावं लिहून घेतली. स्वतःचं, बापाचं, गावाचं. एक जाड वही होती, तिच्यात उर्दूत, प्रत्येक तारेच्या नंबरापुढं त्या कॉम्प्युटरवर बसणारीचं नाव.

"चाचा, कॉम्प्युटरला नंबर असतात न? मग आमच्या बापाचं नाव कशाला?" मी विचारलं.

"नंबर मशीनले राह्यते बेटा. तारेच्या तोंडाशी कोण बसलं हाय, हे मालूम नको?"

त्यांची अजून एक सवय होती. तार तपासताना एक टोक खाली ते धरत, दुसरं वर आमच्यापैकी कोणी, आणि ते खालून हाक देत, "हाय का?" वरून "हाय" असं उत्तर आलं की मग पुढचं काम. एवढं ठीक. पण हातात तार नसली तरी ते तसं करत. सकाळी दुकानात आले की जिन्याशी उभे राहून एकेकीचं नाव घेऊन विचारत, "हाय का?" आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलत नसत. आम्ही कंटाळलो. माझ्या शेजारची मुलगी एकदा चिडून म्हणाली, "हाय, हाय, जित्ती हाय!" आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. "असंच सांगत जाय रोज," म्हणाले.

लाल तारेची कल्पना त्यांचीच. लग्नाचं आणि हाराचं एका तारेतून जाणार नाही, असं त्यांनी भाऊंना ठणकावून सांगितलं. भाऊंनी समजावलं की तार वेगळी असली तरी सगळं एकाच जोडणीच्या डब्यात जाऊन मिळतं, काही फरक पडत नाही. पण नवरदेवाची आई त्यांच्याही डोळ्यांपुढून गेली नव्हती. शेवटी बाकीच्या कॉम्प्युटरांना निळ्या तारा आणि माझ्याला लाल असं ठरलं. हाराचे फोटो फक्त माझ्या कॉम्प्युटरवरून, फक्त त्या तारेनं मशीनकडं जाणार. लाल तार चाचांनी दारावरून नेली नाही. मागच्या भिंतीनं, खिडकीखालून, प्लास्टिकच्या केसिंग पट्टीत घालून फिरवली. "ज्या दारातून जित्ते माणसं जातात, त्याच्यावरून हे नाही," म्हणाले.

दुपारी ते माडीवर जिन्याच्या तोंडाशी बसून फुटाणे आणि गूळ खात. खुर्चीवर कधी बसले नाहीत. बोलायचेही कमीच. एकदा मात्र आपणहून सांगायला लागले. महागावकडच्या कुठल्याशा गावाबाहेर ते खांबावर चढले होते, भर उन्हात. तक्रार आली होती की लाईनीत खरखर येते. टेस्ट फोन लावला तर लाईनीवर कोणी बोलत होतं.

"एक माणूस होता. भावाशी बोलून राह्यलता बहुतेक. म्हणे, चावी देवळीत ठेवली. म्हशीले पाणी पाजलं. पोराचे पुस्तकं खालच्या पेटीत हायत. कोणती गोष्ट कुठं ठेवली, एकेक सांगे. तिकडला म्हणे, हो हो, इकडं आला म्हणजे सांगजो. लाईन एकदम साफ होती. त्याचा श्वाससुद्धा आयकू येत होता मले. मी वही काढली, 'लाईन ठीक' असं लिहिलं, अन् खाली उतरलो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्याच गावात गेलतो. त्या लाईनीच्या घरासमोर लोकं जमले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं." त्यांनी फुटाण्याची पुडी घडी करून खिशात ठेवली. "लाईन ठीकच होती."

यानंतर ते माझ्या खुर्चीमागून जाताना थांबायला लागले. पडद्यावरच्या चेहऱ्याकडं पाहत. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "हा खांदा कोणाचा?" मी पाहिलं. कापलेल्या फोटोच्या कडेला खरंच दुसऱ्याचा खांदा होता, चेक्सच्या शर्टातला. मी तो पुसणारच होते.

"मेलेल्याच्या फोटोत कोणाचा तरी खांदा राह्यतेच," चाचा म्हणाले. "जित्ता माणूस आपल्या पायानं स्टुडिओत जाते, एकटा बसते. मेलेल्याले लोकाईतून काढून आणा लागते."

तोवर मी शेकडो फोटो केले होते आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. खांदे, कोपरं, पाठीमागून टाकलेला हात. एकदा एका बाईचा बांगड्या भरलेला हात खांद्यावर होता आणि तो पुसायला मला अर्धा दिवस लागला. बोटं गेली तरी शर्टावर त्यांच्या चुण्या राहिल्या होत्या.

मग एक फोटो आला म्हातारबांचा. दोन पुतणे घेऊन आले होते. खांदा होता, सगळं नेहमीसारखं होतं. फॉर्मवर दुसरी तारीख तेवढी लिहायची राहिली होती. चाचा मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हा अजून गेला नाही."

मी हसले. पण तारीख विचारायला मी खाली गेले. थोरल्या पुतण्यानं धाकट्याकडं पाहिलं. "तारीख फोनवर सांगतो ताई," तो म्हणाला. "दवाखान्यात हायत थे. आज शहरात येणं झालं तं म्हटलं हेही काम करूनच जावं."

चौथ्या दिवशी फोन आला. मी तारीख टाकली. "तुम्हाला कसं कळलं?" मी चाचांना विचारलं. ते स्वतःच घाबरलेले दिसले. "मले नाही मालूम बेटा. लाईन चालू वाटली."

त्यानंतर पंधरवड्यानं, मार्च सरता सरता, तो माणूस आला.

दुपारची वेळ होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, दाढीचे खुंट वाढलेले. यवतमाळ ते दारव्हा काळी-पिवळी जीप चालवणारा. जीप समोर लिंबाखाली लावली होती. चाचा काउंटरच्या टेबलाखाली पाय बाहेर काढून आडवे पडले होते आणि तिथली निळी तार बसवत होते. भाऊ फॉर्म भरत होते. कोणाचा फोटो? भावाचा. नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. मृत्यूची?

"आजची लिहा."

भाऊंनी लिहिली. दिवसभर तारखाच लिहिणाऱ्या माणसाचा हात थांबत नाही. टेबलाखालून बाहेर आलेले चाचांचे पाय तेवढे हलायचे थांबले.

फोटो माझ्याकडं आला आणि मी कामाला लागले. सोपं काम होतं. ताजा पासपोर्ट फोटो, एकटा माणूस, स्वच्छ दाढी केलेली, शर्टाला घडीच्या रेघा. खांदा नव्हता. हार घातला, समई ठेवली, नाव आणि तारखा टाकल्या, छपाईला पाठवायचं बटण दाबलं, तेवढ्यात चाचा अनवाणीच जिना चढून आले. खाली मशीनवर लग्नाचं काम चालू होतं, म्हणून फोटो अजून रांगेतच होता.

"बेटा, थो फोटो उघड."

मी उघडला. त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "हा खाली बसला हाय."

"कोण?"

"हाच."

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. बाकावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. भाऊ भावासारखा दिसायचाच, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझी नजर चुकून शर्टावर गेली. शर्टाची बटणं तपकिरी होती आणि वरून दुसरं पांढरं. मी मागं वळून पडदा पाहिला. तपकिरी बटणं, वरून दुसरं पांढरं, आणि त्याच्यावर मी घातलेला हार.

चाचांनी खिशातून कटर काढला, खिडकीखालची केसिंग पट्टी उघडली, लाल तार कापली आणि पट्टी पुन्हा बसवून टाकली. मग जिन्यावरून ओरडले, "भाऊ, लाल तार गेली! हाराचं काही निघणार नाही आज!"

खाली जाऊन ते त्या माणसापुढं उभे राहिले. "उद्या येजो. याच टाइमाले."

"मले आजच पायजे होता."

"तार नाही तं कसा देऊ, बाप्पा? उद्या येजो."

त्यानं दुपट्टा सोडून पुन्हा गुंडाळला. मग उठून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि चाचा भिंतीला टेकले.

"आपण कोणाला तरी सांगू," मी म्हणाले. "त्याच्या घरी. पोलिसांत."

"कोणतं घर? फॉर्मवर पत्ता खोटा हाय. त्या गावात मी लाईन टाकली, तिथं त्या नावाचं कोणी नाही. अन् चारचौघांत विचारलं तं थो हसून टाकीन, अन् उद्या येणार नाही."

"मग असं किती दिवस?"

"मले फक्त उद्याचं मालूम हाय."

त्याचं काम मी त्याच दिवशी छपाईच्या रांगेतून पुसलं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. बाकीचे हाराचे फोटो पुन्हा सीडीवरून खाली जायला लागले. त्याचा मी कोणत्याही सीडीत घातला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्याच वेळी. चाचा जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखे म्हणाले, "बरं झालं आलास. मले दुसऱ्या टोकाले माणूस पायजे होता. या पोरीईच्यानं होत नाही." आणि त्याला वर पाठवलं.

तो माझ्या खुर्चीशेजारी हातभर अंतरावर तारेचं टोक धरून उभा राहिला. ज्या गळ्यात आदल्या दिवशी मी हार बसवला होता, तो गळा माझ्या शेजारी आवंढा गिळत होता. मी दुसरं काहीतरी काम उघडून बसले. खालून हाक आली, "हाय का?" तो काही बोलला नाही. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आल्यावर तो खाकरला आणि म्हणाला, "हाय."

असं रोज चाललं. चाचा त्याला चहा पाजत, फुटाणे देत, तार ओढायला लावत. घरचं काही विचारत नसत. कोणता रस्ता खराब आहे, जीपमध्ये किती सवाऱ्या बसतात, एवढंच. बाजारात कापसाला भाव नाही तर जीपा रिकाम्या पळतात, असं तो एकदा म्हणाला. त्यापलीकडं त्याला काय झालं होतं, ते मला कधीच कळलं नाही, आणि कळायला हवं होतं असंही आता वाटत नाही. निघताना तो विचारी, "झाला का फोटो?" चाचा म्हणत, "उद्या." प्रशांतभाऊंची चिडचिड वाढत चालली. नवी कोरी तार रोज कशी जाते, असं ते मलाही दोनदा विचारून गेले. मी मान खाली घालून खोटं बोलले.

आठव्या दिवशी तो तार धरून उभा असताना खिडकीखाली वाकला. केसिंग पट्टीचं एक टोक निसटलं होतं. त्यानं ती बोटानं उचलली. गाडीच्या वायरी रोज जोडणारा माणूस. त्याला सांगावं लागलं नाही.

"हे तं कापेल हाय," तो म्हणाला.

चाचा तोवर वर आले होते. "होय."

"कोणं कापली?"

"मी."

"काहून?"

चाचांनी निसटलेली पट्टी दाबून बसवली. तो माझ्याकडं वळला. मी पडद्याकडं पाहत राहिले, पण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसलं. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. समोर जीपमधल्या सवाऱ्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा उठला. खाली जाता जाता, मागं न पाहता म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"

मला वाटलं, झालं. सुटलो.

पण भाऊंचा धीर सुटला होता. अकराव्या दिवशी त्यांनी नागपूरहून एक इंजिनियर बोलावला. लोडशेडिंगची वेळ होती, मशीन बंद होतं, आम्ही तिघी खाली उंबऱ्याशी वाऱ्याला बसलो होतो. चाचा चहा सांगायला गेले होते. इंजिनियर वर एकटाच काम करत होता. त्यानं कापलेली तार शोधली, तिचा तुकडा आणून भाऊंच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ही कोणीतरी मुद्दाम तोडलीय. मी नवी जोडून दिली." भाऊ तुकड्याकडं पाहत होते, तेवढ्यात चाचा आले आणि त्यांच्या मागोमाग तो जीपवाला. आणि तेवढ्यात लाईट आली.

एसीच्या खोलीतलं मशीन घरघरलं. वर कोणी नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता. काचेमागं कागद सरकायला लागला. आधी समई निघाली, मग तारीख, मग नाव, हार, आणि शेवटी चेहरा. बारा बाय अठरा, ओला, चकाकणारा. तो ट्रेमध्ये येऊन पडला तेव्हा दुकानात सात माणसं होती आणि सातही जण तो काय आहे ते पाहत होते. इंजिनियर नंतर म्हणाला की पुसलेलं काम कधी कधी मशीनच्या पोटात अडकून राहतं. राहत असेल.

भाऊंनी फोटोकडं पाहिलं, मग त्या माणसाकडं, आणि त्यांच्या हातातला तारेचा तुकडा खाली पडला.

तो पुढं गेला. त्यानं फोटो दोन्ही हातांनी कडेनं उचलला, ओला फोटो धरायचा असतो तसा. बराच वेळ पाहिला. चेहऱ्याकडं नाही, खाली.

"ही तारीख तं होऊन गेली," तो म्हणाला.

त्यानं फोटोची गुंडाळी केली, बगलेत मारली आणि रस्ता ओलांडून जीपकडं गेला. चाचा हत्यारं, वही, पट्ट्यातून निसटून पडलेला टेस्ट फोन सगळं तिथंच टाकून त्याच्या मागं पळाले. साठीचा माणूस, भर रस्त्यात, अनवाणी. जीप हलायच्या आत ते पुढच्या सीटवर चढून बसले. जीप दारव्ह्याच्या रस्त्याला लागली.

त्या दुपारनंतर चाचा आमच्या दुकानात काम करायला पुन्हा कधी आले नाहीत. पुढं आर्णीकडं, पुसदकडं ते तारा ओढतात असं कानावर यायचं. पण तेव्हाचे चार दिवस आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. दारव्ह्याचं पाकीट आलं की मी ते लगेच उघडत नसे. एकेक फोटो पालथाच बाहेर काढायचा, मग उलटायचा. प्रशांतभाऊ काउंटर सोडून जिन्याशी येऊन उभे राहत. मी वरून मान हलवून 'नाही' म्हटलं की परत जात. आमचं तेवढंच बोलणं.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई आली. पस्तिशीची, घामाघूम, बगलेत गुंडाळी. तिनं ती काउंटरवर सोडली.

"हे तुमच्याच दुकानातलं हाय न?"

भाऊंनी वर मला हाक मारली. मी धावत खाली आले. "ताई, ते कुठं आहेत?"

"घरी हायत. जीप धुऊन राह्यले." ती माझ्याकडं रागानं पाहत होती, की रडू दाबत होती, ते मला ओळखता येईना. "अन् एक म्हातारा हाय संग. पाच दिवस झाले आमच्या ओसरीवर बसून. म्हणते, टेलिफोनची तार पाहाले आलो. आमच्या घरी टेलिफोनच नाही! हे जिकडं जातात तिकडं थो मांगं जाते. जेवाले वाढलं तं यायच्या बाजूले बसते. तुम्ही घरी कवा जाता म्हटलं तं म्हणते, उद्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल रातच्यानं यायनंच हे पेटीमागून काढून माह्या हातात देलं. म्हातारा बोलला, दुकानात जा, थ्या पोरीले सांग." तिनं गुंडाळी माझ्याकडं सरकवली. "हार काढा याचा."

मी तिला वर घेऊन गेले. ती माझ्या मागं उभी राहिली. फाईल उघडली तेव्हा तिनं माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला ते पाठीला जाणवलं. हार मी नेहमी वेगळा ठेवत असे, चेहऱ्याला न चिकटवता. एक बटण दाबलं, हार गेला. दुसरं दाबलं, समई गेली. मग नाव आणि तारखा.

"इतकंच?" ती म्हणाली.

"इतकंच."

"बारके करून द्या," ती जरा वेळानं म्हणाली. "आठ. लायसनले लावाचे हायत. मुदत संपत आली त्याईची."

आठ फोटो निघाले. भाऊंनी स्वतः कापून दिले. तिनं ते कागदात बांधले आणि पायरी उतरता उतरता थांबली.

"लायसन किती वर्साचं भेटते हो भाऊ?"

"जीपचं? तीन वर्षांचं," प्रशांतभाऊ म्हणाले.

"तीन," ती म्हणाली. मग तिनं पुडी कमरेला खोचली आणि जीप स्टँडकडं चालायला लागली.